मत्स्यटाकीची मागची काच : रंग कोणता, कसा आणि कशासाठी?

शहरी दिवाणखान्यात मत्स्यटाकी आली की तिच्यासोबत एक छोटासा प्रश्नही येतो. टाकीच्या तीन बाजूंनी मासे पाहायचे असतात. चौथी बाजू भिंतीकडे असते. या चौथ्या काचेचे काय करायचे? दुकानदार बहुधा निळ्याशार समुद्राचे आणि प्रवाळांचे पोस्टर चिकटवून देतो आणि प्रश्न तेथेच मिटतो. काही महिन्यांत पोस्टरच्या कडा सुटतात, काच आणि कागद यांच्या फटीत पाण्याचे ओघळ उतरतात आणि चित्रावर पांढुरके डाग पडतात. मासे मात्र कोपऱ्यात दडून बसलेले किंवा फिकुटलेले दिसतात. त्याचा दोष खाद्याला, पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. मागच्या काचेचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वास्तविक मागची काच हा टाकीच्या सजावटीपेक्षा माशांच्या निवाऱ्याचा भाग अधिक आहे. ती बाहेरच्या बाजूने गडद, एकसंध रंगाने रंगविणे हा सर्वांत साधा, स्वस्त आणि टिकाऊ उपाय होय. त्यासाठी चित्रकाराचे कसब लागत नाही. लागते ती थोडी पूर्वतयारी आणि बराचसा धीर. मात्र घाईत केलेली एखादी चूक माशांच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे रंगाचा डबा उघडण्यापूर्वी या कामामागील कारणे समजून घेणे हिताचे ठरते.

ओढ्यातील उजेड, टाकीतील उजेड

भिवंडी-वाडा रस्त्यावरचे अंबाडी हे नाक्याचे गाव. येथून वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्थळांकडे रस्ता जातो. तानसा नदी याच परिसरातून वाहते. ठाणे जिल्ह्याचा हा भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. साहजिकच येथील नदी-ओढ्यांच्या तळाशी काळा कातळ, शेवाळलेले गोटे, गाळ आणि कुजलेला पाचोळा असतो. काठच्या झाडांची सावली पाण्यावर पडलेली असते. अशा ओढ्यातील माशाच्या दृष्टीने जगाची रचना सोपी आहे. उजेड वरून येतो. खाली आणि आजूबाजूला गडद छाया असते. अशा पाण्यातील बहुतेक लहान माशांची पाठ काळपट किंवा हिरवट आणि पोट चंदेरी असते, ते याच रचनेला धरून. वरून टपलेल्या खंड्याला किंवा बगळ्याला काळपट पाठ तळाशी मिसळलेली दिसते. खालून येणाऱ्या मोठ्या माशाला चंदेरी पोट आकाशाच्या उजेडात हरवलेले दिसते.

घरातील काचेची टाकी ही रचना मोडून टाकते. तेथे उजेड वरून येतो, समोरून येतो, दोन्ही बाजूंनी येतो आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित होऊनही येतो. माशाला पाठ टेकावी अशी एकही दिशा उरत नाही. मागून कोणी गेले, पडदा हलला, दिवा लागला की त्याची चाहूल थेट टाकीत पोहोचते. मासे दचकून धावतात, काचेवर आपटतात किंवा फिल्टरच्या मागे लपतात. मागची काच गडद केल्याने किमान एक बाजू निश्चितपणे ‘बंद’ होते. बुजऱ्या जातींचे मासे त्यानंतर अधिक मोकळेपणाने पुढे येतात, हा जाणकार मत्स्यपालकांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

मासा रंग का बदलतो?

माशांच्या त्वचेत रंगद्रव्य धारण करणाऱ्या पेशी असतात. त्यांपैकी काळ्या रंगद्रव्याच्या पेशींतील कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो. ते मध्यभागी गोळा झाले की मासा फिकट दिसतो. हा बदल काही मिनिटांत किंवा तासांत घडू शकतो. मासा अनेक दिवस एकाच पार्श्वभूमीवर राहिला, तर रंगपेशींची संख्या आणि त्यांतील रंगद्रव्याचे प्रमाणही हळूहळू बदलते. या बदलाची सूत्रे मुख्यत्वे डोळ्यांकडे असतात. वरून येणारा उजेड आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणारा उजेड यांचे प्रमाण डोळा जोखतो आणि त्यानुसार मज्जासंस्था व संप्रेरके यांच्यामार्फत त्वचेला आदेश जातो. फिकट पार्श्वभूमीवर त्वचेतील रंगकण गोळा करणारे एक संप्रेरक १९८३ साली जपानी संशोधक हिरोशी कावाउची व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅमन माशाच्या पियुषिका ग्रंथीतून वेगळे केले.

हा रंगबदल माशाच्या जगण्याशी किती निगडित आहे, हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस सम्नर यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दाखवून दिले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी भारतातही आणला गेलेला गॅम्बुसिया हा छोटा मासा त्यांनी निवडला. काही मासे काळ्या टाकीत आणि काही पांढऱ्या टाकीत ठेवून त्यांना त्या त्या रंगाची सवय होऊ दिली. मग दोन्ही प्रकारचे मासे एकत्र सोडून त्यांच्यावर पेंग्विन सोडले. पार्श्वभूमीशी न जुळणारे मासे पेंग्विनच्या भक्ष्यस्थानी अधिक पडले. घरातील टाकीत पेंग्विन नसतो. परंतु माशाच्या शरीराला ते ठाऊक नसते. पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेला मासा फिकट होतो, तो त्याच जुन्या सावधगिरीपोटी. दुकानात लालभडक दिसलेला मासा घरी आल्यावर निस्तेज वाटतो, त्यामागे आजार किंवा खराब पाणी हे कारण असू शकते. ती शक्यता आधी तपासायला हवी. पण पाणी चांगले, खाद्य योग्य आणि तरीही मासा फिका, असे असल्यास मागच्या काचेकडे पाहावे.

काच की आरसा?

मागच्या काचेचा आणखी एक गुण सहजी लक्षात येत नाही. ती काही कोनांतून चक्क आरसा बनते. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत जाणारा प्रकाशकिरण सुमारे ४९ अंशांहून अधिक तिरका असेल, तर तो बाहेर पडतच नाही. पूर्णपणे आत परावर्तित होतो. म्हणूनच टाकीच्या बाजूच्या काचेतून तिरके पाहिले असता मागची काच चांदीचा मुलामा दिल्यासारखी चमकते. आत पोहणाऱ्या माशालाही तिरक्या नजरेला तेथे स्वतःचे आणि सोबत्यांचे प्रतिबिंब दिसते. फायटरसारखा भांडकुदळ मासा आपल्याच प्रतिबिंबावर कल्ले फुलवून धावून जातो. हे दृश्य घटकाभर गमतीचे वाटते. पण प्रतिबिंब हरत नाही आणि पळूनही जात नाही. दिवसच्या दिवस चाललेली ही झुंज माशाला थकवून टाकते.

येथेच पोस्टर आणि रंग यांतील खरा फरक स्पष्ट होतो. पोस्टर कितीही नीट चिकटवले तरी कागद आणि काच यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो. तो थर आहे तोवर काचेचा आरसेपणा कायम असतो. समोरून चित्र दिसते. बाजूने पाहिले की चित्र नाहीसे होऊन चकाकी उरते. रंग मात्र काचेला थेट भिडतो. मध्ये हवाच नसल्याने प्रकाश काचेतून रंगाच्या थरात शिरतो आणि गडद रंग तो शोषून घेतो. समोरून सरळ पाहतानाही फरक पडतो. काच आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, तर पाणी आणि काच यांच्या सीमेवर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. रंग दिल्यावर पहिले परावर्तन जवळजवळ संपते, केवळ दुसरे उरते. पोस्टर लावताना काही जुने हौशी लोक काचेला ग्लिसरीन किंवा तेल चोपडत असत. त्यामागचे शास्त्रही हेच, हवेला मधून हटविण्याचे. मात्र तेल ओघळते, धूळ धरते आणि सहा महिन्यांत कागद तेलकट होतो.

कल्पना नवी नाही

टाकीची मागची बाजू अपारदर्शक ठेवण्याचा विचार घरगुती मत्स्यालयाइतकाच जुना आहे. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये मत्स्यपालनाच्या छंदाची लाट आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ साली खुले झाले आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. त्याच काळात रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पुढची बाजू काचेची आणि मागची उतरती बाजू स्लेटच्या काळ्या दगडाची अशी टाकी बनविली. उजेड निसर्गात येतो तसा वरून यावा, चहूबाजूंनी नव्हे, हा त्यामागील हेतू होता. पुढे सर्व बाजूंनी काच असलेल्या टाक्या लोकप्रिय झाल्या आणि सिलिकॉनने सांधलेल्या टाक्यांनी लोखंडी अँगलची चौकटही घालविली. टाकी देखणी झाली, पण दगडाची काळी पाठ तिने गमावली.

मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी मासे पाहिले ते मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयात. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ साली त्याचे उद्घाटन झाले आणि नूतनीकरणानंतर २०१५ साली ते पुन्हा खुले करण्यात आले होते. अशा सार्वजनिक मत्स्यालयांत प्रेक्षक अंधाऱ्या दालनात उभा असतो आणि उजेड केवळ टाकीत असतो. नजरेसमोर भिंत, वायर, नळ्या यांपैकी काही न येता फक्त पाणी आणि मासा उरतो. घरातील दोन फुटी टाकीला असे दालन देता येत नाही. तिची पाठ गडद करणे मात्र सहज शक्य आहे.

कोणता रंग निवडावा?

बहुतेक टाक्यांसाठी काळा हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. त्यापुढे हिरव्या पाणवनस्पती उठून दिसतात, लाल-केशरी मासे झळाळतात आणि फिल्टरची नळी, हीटर, त्यांच्या वायरी अंधारात विरून जातात. काळा रंग टाकीला खोली देतो. पाठीमागे भिंत आहे हे डोळा विसरतो. गडद निळा रंगही पुष्कळांना आवडतो. त्याने मोकळ्या पाण्याचा आभास होतो, पण निळसर झाक असलेले मासे त्यात हरवतात. फिकट आकाशी रंग समोरच्या उजेडाने पांढुरका वाटतो आणि त्यावर शेवाळाचा प्रत्येक ठिपका दिसतो. पांढरा रंग तर टाळावाच. तो उजेड परत फेकतो आणि मूळची अडचण वाढवतो.

मासे कोणते आहेत, हेही रंग ठरविण्यापूर्वी पाहावे. काळा मॉली किंवा ब्लॅक मूर जातीचा गोल्डफिश काळ्या पाठीपुढे दिसेनासा होईल. शहरी घरांत फेंगशुईच्या हौसेने आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश ठेवण्याची प्रथा रुजली आहे. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश कोंबणे हे मुळातच माशांवर अन्याय करणारे आहे. पण ज्यांच्याकडे काळा मासा आहेच, त्यांनी गडद हिरवा, करडा किंवा मातकट तपकिरी रंग घ्यावा. ओढ्याच्या गढूळ सावलीशी या छटांचे चांगले जुळते. रंग चकचकीत असो वा मंद, समोरून काचेचीच चकाकी दिसणार असल्याने त्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

रंग बाहेरूनच

या कामातील पहिला आणि न मोडण्याचा नियम म्हणजे रंग काचेच्या बाहेरच्या अंगालाच द्यायचा. पाण्याच्या बाजूने दिलेला रंग, तो कितीही ‘वॉटरप्रूफ’ असला तरी, माशांच्या सहवासात ठेवण्यासाठी बनविलेला नसतो. घराच्या बाहेरील भिंतींसाठी असलेल्या रंगांत बुरशी आणि शेवाळ रोखणारी रसायने मिसळलेली असतात. ती भिंतीवर उपयुक्त, पाण्यात घातक. शिवाय गुळगुळीत काचेवरचा रंग सतत पाण्यात राहिला की फुगतो, पापुद्रे सुटतात आणि मासे ते टोचून खातात.

बाहेरून रंगविण्यासाठी पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक इमल्शन, म्हणजे बोलीभाषेतील प्लास्टिक पेंट, सर्वांत सोयीचा. त्याला उग्र वास नसतो, तो लवकर वाळतो आणि पुढे मन बदलले तर ब्लेडने खरवडून काढता येतो. ऑइल पेंट काचेला अधिक घट्ट धरतो. परंतु त्यातील द्रावकाच्या वाफा दीर्घकाळ येत राहतात आणि तो काढणे कष्टाचे असते. रंग विकत घेताना डबा ताजा आणि नामांकित बनावटीचा घ्यावा. २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या डब्याबद्दल अशी खात्री देता येत नाही. पुढे खरवडताना त्याची धूळ घरातल्या लहान मुलांच्याही वाट्याला येते.

वाफांचा धोका बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. टाकीचा हवेचा पंप खोलीतील हवा शोषून पाण्यात सोडत असतो. त्याच खोलीत ऑइल पेंट, टर्पेंटाइन, थिनर किंवा स्प्रेचा वापर झाला, तर त्या वाफा पंपाद्वारे थेट पाण्यात मिसळतात. म्हणूनच रंगकाम गॅलरीत किंवा गच्चीवर सावलीत करावे. मासे आणि पंप दुसऱ्या, मोकळ्या हवेच्या खोलीत ठेवावेत. घराचे रंगकाम सुरू असतानाही हीच दक्षता घ्यायला हवी.

रंगविण्यापूर्वी

सर्वांत उत्तम म्हणजे टाकी विकत घेतल्यावर, पाणी भरण्यापूर्वीच हे काम उरकावे. चालू टाकी रंगवायची असेल, तर ती आधी पूर्ण रिकामी करावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे ५६ किलो वजन झाले. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेची तीच टाकी रिकामी असता जेमतेम नऊ किलो भरते. अर्धवट भरलेली टाकी उचलण्याचा मोह कधीही करू नये. पाणी हिंदकळले की सांध्यांवर ताण येतो आणि सिलिकॉन सुटते.

मासे टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या स्वच्छ टबमध्ये किंवा बादलीत ठेवावेत. या टबला साबणाचा स्पर्श झालेला नसावा. त्यात हवेची नळी सोडावी, वर जाळी झाकावी आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन वाळत घालणे ही हमखास होणारी चूक आहे. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा विषारी अमोनिया निष्प्रभ करणारे जिवाणू त्याच स्पंजात वसलेले असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने आणि कोरडे पडल्याने ते मरतात. स्पंज माशांसोबत टबातच बुडवून ठेवावा.

या निमित्ताने ‘नकोसे’ मासे नदीत किंवा तलावात सोडून देण्याचा विचार काहींच्या मनात येतो. तो पुण्यकर्म वाटत असला तरी निसर्गाला महागात पडतो. टाकीतील शेवाळ खाण्यासाठी आणला जाणारा परदेशी सकर मासा महाराष्ट्रातील जलाशयांत सापडू लागला आहे, तो अशाच सुटकेमुळे. जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी पालकाला द्यावेत.

पहिला हात महत्त्वाचा

मागची काच रंगविणे म्हणजे एका जुन्या कलेची सोपी आवृत्ती होय. अठराव्या शतकात चीनशी होणाऱ्या व्यापारातून काचेच्या पाठीवर चित्र काढण्याची पद्धत भारतात आली आणि महाराष्ट्रातही तिला आश्रय मिळाला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे आहेत. या चित्रांत क्रम उलटा असतो. साध्या चित्रात सर्वांत शेवटी येणारे डोळे, दागिने, रेषा येथे आधी काढाव्या लागतात आणि पार्श्वभूमी शेवटी भरली जाते, कारण पाहणारा काचेच्या दुसऱ्या बाजूने पाहत असतो. टाकीबाबतही तेच. समोरून कायम दिसणार आहे तो रंगाचा पहिला हात. नंतरचे हात केवळ उजेड अडविण्यासाठी. पहिल्या हाताखाली राहिलेला बोटाचा ठसा, केस किंवा धुळीचा कण पुढे कितीही रंग चढविला तरी झाकला जात नाही.

यासाठी टाकी जाड सतरंजीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर पुढची काच खाली करून आडवी ठेवावी. मागच्या काचेवरील जुन्या पोस्टरचा गोंद ब्लेडने काढावा. नंतर काच स्पिरिटने किंवा पांढऱ्या व्हिनेगरने पुसून कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने स्वच्छ करावी. रंग बसावा म्हणून काचेला पॉलिश पेपर घासू नये. ते ओरखडे कायमचे दिसत राहतात. बाजूच्या काचांच्या कडांना मास्किंग टेप लावावी. सांध्यातून बाहेर आलेल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, तेव्हा तो भागही टेपने झाकून टाकावा.

रंग ब्रशपेक्षा स्पंजच्या लहान रोलरने द्यावा. ब्रशचे फराटे पहिल्या हातात उमटून राहतात. पहिला हात पातळ आणि एकाच दिशेने फिरवावा. तो ठिकठिकाणी पारदर्शक, चट्ट्यापट्ट्यांचा दिसेल आणि काम बिघडल्यासारखे वाटेल. तसे वाटून त्याच ओल्या थरावर पुन्हा पुन्हा रोलर फिरवू नये. त्याने अर्धवट सुकलेला रंग उचलला जातो. तो पूर्ण वाळू द्यावा आणि दुसरा हात आडव्या दिशेने द्यावा. साधारणतः तीन ते चार हातांत काच पूर्ण झाकली जाते. दोन फुटी टाकीची मागची काच जेमतेम दोन चौरस फुटांची असल्याने १०० मिलिलिटर रंग पुरेसा होतो. शेवटी अंधारात टाकीच्या आतून विजेरी धरावी. बाहेरून जेथे उजेडाचे ठिपके दिसतील, तेथे रंगाचा आणखी एक टिपका द्यावा. शेवटचा हात पुरता कडक होण्यापूर्वी टेप सावकाश ओढून काढावी, म्हणजे कड फाटत नाही.

काहींना एकरंगी पाठीपेक्षा चित्राची हौस असते. ठाणे-पालघर पट्ट्यातील वारली चित्रांच्या पांढऱ्या आकृत्या गेरूच्या रंगावर खुलून दिसतात आणि टाकीच्या पाठीवर त्या काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यासाठीही काचचित्राचाच नियम पाळावा. आधी पांढऱ्या आकृत्या, त्या वाळल्यावर वरून गेरूचा रंग. मात्र आकृत्या थोड्या आणि कडेला असाव्यात. पांढऱ्या आकृत्यांनी भरलेली पाठ पुन्हा उजेड परत फेकू लागते आणि मूळ हेतूच हरवतो.

पावसाळा आणि ऊन

भिवंडीपासून वाड्यापर्यंतच्या पट्ट्यात, तसेच मुंबई-ठाण्यातही, जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतका ओलावा असतो की पाण्यात मिसळणारा रंग वरून सुकलेला वाटला तरी आतून मऊच राहतो. अशा थरावर दुसरा हात चढविला की तो सुरकुततो आणि नखानेही निघतो. तेव्हा पावसाळ्यात हे काम टाळावे. हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील कोरड्या दिवसांत दोन हातांमध्ये दोन ते चार तास आणि शेवटच्या हातानंतर किमान एक संपूर्ण दिवस द्यावा.

उन्हाबाबतही सावध राहायला हवे. खिडकीतून येणारे ऊन मागच्या काचेवर पडत असेल, तर रंगामुळे शेवाळ कमी होईल. पण काळा रंग उष्णता शोषून घेईल आणि पाणी तापेल. अशा जागी रंग हा उपाय नव्हे. टाकीचीच जागा बदलावी.

रंगाला पर्याय

भाड्याच्या घरात राहणारे, वारंवार टाकी बदलणारे किंवा टाकी रिकामी करणे शक्य नसलेले पालक रंगाऐवजी मोटारीच्या काचेला लावतात तशी काळी चिकट फिल्म वापरू शकतात. रिकाम्या टाकीवर ती साबणाच्या पाण्याने भिजवून, बुडबुडे रबरी पट्टीने बाहेर लोटत बसविली, तर काचेला जवळजवळ रंगाइतकीच भिडते. भरलेल्या टाकीच्या मागे हे करताना साबणाचे पाणी वरून आत उडणार नाही, याची काळजी घ्यावी. मागे हात फिरण्याइतकी जागा असल्यास भरलेली टाकीही पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने रोलरने रंगविता येते. मात्र काचेवर बाष्प जमले नसावे आणि टाकीचे तोंड झाकलेले असावे. हे काहीच जमत नसेल, तर मागे काळा कार्डशीट लावावा. त्याने आरसेपणा जात नाही, पण मागची हालचाल आणि पांढरी भिंत तरी झाकली जाते.

रंग काढायचा झाल्यास प्लास्टिक पेंट ओल्या फडक्याने भिजवून ब्लेड तिरके धरून खरवडावा. बहुतेकदा तो सालीसारखा निघतो. ही सालपटे पाण्यात पडू देऊ नयेत. ऑइल पेंट काढण्यासाठी थिनर लागत असल्याने ते काम मासे दुसरीकडे हलविल्यावाचून हाती घेऊ नये.

पुन्हा पाणी भरताना

रंग वाळला, वास पूर्ण गेला, की टाकी आतून नुसत्या पाण्याने धुवावी आणि जागेवर थर्माकोलच्या शीटवर बसवावी. टबातील शक्य तितके जुने पाणी परत घालावे. उरलेले पाणी क्लोरिन काढून टाकलेले असावे. फिल्टर सुरू करून मगच मासे सोडावेत. पहिला दिवस टाकीवरचा दिवा बंद ठेवल्यास त्यांना नव्या अंधाराशी जुळवून घेणे सोपे जाते. पार्श्वभूमी अचानक बदलल्याने काही मासे पहिले काही तास अधिकच बुजतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रंगात होणारा फरक मात्र एका रात्रीत अपेक्षू नये. त्वचेतील रंगद्रव्य वाढायला दिवस लागतात, कधी आठवडेही.

घरातील टाकी माशाला नदी देऊ शकत नाही. तिची लांबी-रुंदी वाढविणे दर वेळी खिशाला परवडत नाही आणि मुंबईच्या घरात त्यासाठी जागाही नसते. परंतु चार बाजूंनी उघड्या असलेल्या त्या चौकोनात एक बाजू सावलीची करून देणे शंभर मिलिलिटर रंगात आणि सुट्टीच्या एका दिवसात जमते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना टाकी त्यामुळे अधिक सुंदर दिसते. माशाच्या वाट्याला येते ती पाठीशी एक भिंत असल्याची निश्चिंती.